रॉबर्ट टाफ्ट

रॉबर्ट अल्फोन्सो टाफ्ट (८ सप्टेंबर, १८८९ – ३१ जुलै, १९५३) हे अमेरिकेतील वकील व रिपब्लिकन पक्षाचे राजकारणी होते. जानेवारी १९३९ पासून मृत्यूपर्यंत ते ओहायो राज्याचे सेनेटर होते. १९५३ मध्ये ते सेनेटमधील बहुमत पक्षाचे नेते झाले. सरकारच्या अधिकारांना कायद्याची मर्यादा असावी, ही त्यांची आयुष्यभराची भूमिका होती. तिच्यामुळे ते पुराणमतवादी विचारांचे प्रमुख नेते ठरले आणि ‘मिस्टर रिपब्लिकन’ या नावाने ओळखले जाऊ लागले.

सुरुवातीचे जीवन

टाफ्ट यांचा जन्म ओहायोतील सिनसिनाटी येथे झाला. त्यांचे वडील विल्यम हॉवर्ड टाफ्ट हे अमेरिकेचे २७वे राष्ट्राध्यक्ष व पुढे सरन्यायाधीश होते. रॉबर्ट यांनी येल विद्यापीठातून १९१० मध्ये पदवी आणि हार्वर्ड येथून १९१३ मध्ये कायद्याची पदवी घेतली. दोन्ही ठिकाणी ते वर्गात पहिले आले. दृष्टिदोषामुळे पहिल्या महायुद्धात त्यांना सैन्यात प्रवेश मिळाला नाही. त्या काळात त्यांनी हर्बर्ट हूवर यांच्या हाताखाली अन्न प्रशासनात काम केले.

ओहायोतील कारकीर्द

१९२१ मध्ये ते ओहायोच्या प्रतिनिधिगृहाचे सदस्य झाले व १९२६ मध्ये तेथील सभापती बनले. पुढे ते राज्याच्या सेनेटवर निवडून आले. परंतु १९३२ च्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला.

सेनेटमधील कारकीर्द

१९३८ मध्ये ते अमेरिकेच्या सेनेटवर निवडून आले. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ धोरणाचे ते कठोर टीकाकार होते. पर्ल हार्बरवरील हल्ल्यापर्यंत त्यांनी अमेरिकेच्या युद्धप्रवेशाला विरोध केला. १९४९ मध्ये नाटो कराराच्या विरोधात त्यांनी मतदान केले.

१९४७ चा टाफ्ट-हार्टली कायदा हे त्यांचे सर्वांत महत्त्वाचे कार्य होय. केवळ कामगार संघटनेच्या सभासदांनाच नोकरी देण्याच्या प्रथेवर या कायद्याने बंदी आली. राष्ट्रीय हिताला धोका पोहोचविणारा संप न्यायालयीन आदेशाने ८० दिवस रोखण्याची तरतूदही त्यात होती. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी विधेयक नाकारले. तेव्हा सेनेटने ६८ विरुद्ध २५ मतांनी तो नकाराधिकार रद्द ठरविला. कामगार संघटनांचा रोष ओढवूनही टाफ्ट १९५० मध्ये मोठ्या मताधिक्याने पुन्हा निवडून आले. दुसरीकडे, गरिबांसाठी सार्वजनिक गृहनिर्माण व शिक्षणाला केंद्रीय साहाय्य यांना त्यांनी पाठिंबा दिला. त्यामुळे त्यांच्याच पक्षातील काही सहकारी नाराज झाले.

न्युरेंबर्ग खटल्यांवरील भूमिका

ऑक्टोबर १९४६ मध्ये ओहायोतील केनियन महाविद्यालयात केलेल्या भाषणात त्यांनी न्युरेंबर्ग खटल्यांवर टीका केली. कृत्य घडल्यानंतर ठरविलेल्या कायद्याखाली शिक्षा देणे आणि विजेत्यांनी पराजितांचा न्याय करणे, ही दोन्ही न्यायतत्त्वांची पायमल्ली आहे, असे त्यांचे मत होते. नाझी नेत्यांना मोकळे सोडावे, अशी त्यांची मागणी नव्हती. फाशीऐवजी त्यांना हद्दपार ठेवावे, असे त्यांनी सुचविले. निवडणुका महिन्याभरावर असताना केलेल्या या भाषणाचा सर्व बाजूंनी निषेध झाला. स्वपक्षातील नेत्यांनीही त्यांच्यापासून अंतर राखले.

राष्ट्राध्यक्षपदाचे प्रयत्न

१९४०, १९४८ व १९५२ मध्ये त्यांनी पक्षाची उमेदवारी मिळविण्याचा प्रयत्न केला. मात्र अनुक्रमे वेंडेल विल्की, थॉमस ड्यूई व ड्वाइट आयझेनहॉवर यांची निवड झाली. १९५२ च्या शिकागो अधिवेशनात काही दक्षिणी राज्यांतील प्रतिनिधींच्या वैधतेचा वाद त्यांच्या विरोधात गेला. पराभवानंतर त्यांनी आयझेनहॉवर यांच्याशी समेट करून त्यांचा प्रचार केला.

मृत्यू आणि वारसा

बहुमत पक्षाचे नेतेपद मिळाल्यावर काही महिन्यांतच त्यांना कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. जून १९५३ मध्ये त्यांनी नेतेपदाची जबाबदारी विल्यम नोलँड यांच्याकडे सोपविली. ३१ जुलै रोजी न्यू यॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

जोसेफ मॅकार्थी यांच्या साम्यवादविरोधी मोहिमेला त्यांनी आवर घातला नाही, अशी टीका त्यांच्यावर होते. तथापि, डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन एफ. केनेडी यांनी ‘प्रोफाइल्स इन करेज’ या पुस्तकात न्युरेंबर्गविषयीच्या त्यांच्या भाषणाची नोंद राजकीय धैर्याचे उदाहरण म्हणून घेतली. १९५७ मध्ये केनेडी यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने सेनेटच्या इतिहासातील पाच थोर सदस्यांमध्ये टाफ्ट यांची निवड केली. वॉशिंग्टन येथे संसद भवनाजवळ १९५९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ घंटांचा मनोरा उभारण्यात आला.