मैलाला दोन शिलिंग

विमान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? वेग, इंजिन, पंखांचा आकार आणि फार तर परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेलं बर्नोलीचं समीकरण! पण विमानाचा एक मैल कितीला पडतो, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. ज्यांच्याबद्दल मी लिहिणार आहे, त्यांना मात्र याच प्रश्नानं तब्बल दहा वर्षं झोपू दिलं नाही. गंमत म्हणजे ते इंजिनिअर नव्हते, पायलट नव्हते आणि डॉक्टरही नव्हते. ते होते एक ख्रिस्ती धर्मगुरू. नाव जॉन फ्लिन. ऑस्ट्रेलियाच्या २० डॉलरच्या नोटेवर त्यांचा चेहरा छापलेला आहे.

फ्लिन यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८० रोजी व्हिक्टोरिया प्रांतातल्या मोलियागुल या छोट्या गावी झाला. वडील शाळामास्तर. आई ते अगदी लहान असतानाच गेली. युनिव्हर्सिटीत शिकायला पैसे नव्हते, म्हणून शाळेत शिकाऊ शिक्षक म्हणून त्यांनी नोकरी धरली. फोटोग्राफी आणि प्रथमोपचार हे त्यांचे दोन छंद. पुढे ते प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये दाखल झाले आणि १९११ मध्ये धर्मगुरू झाले. चांगलं शहरातलं चर्च मिळवून सुखात राहता आलं असतं, पण त्यांनी मागून घेतला तो दक्षिण ऑस्ट्रेलियातला बेल्टाना नावाचा ओसाड भाग.

तिथं त्यांनी काय पाहिलं? शेकडो मैल लाल माती, मध्येच एखादा गुराढोरांचा मळा, आणि दोन मळ्यांच्या मधे एक-दोन दिवसांचं अंतर. पश्चिम ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग आणि नॉर्दर्न टेरिटरी मिळून सुमारे १८ लाख चौरस किलोमीटरच्या प्रदेशात डॉक्टर होते फक्त दोन! आपला महाराष्ट्र ३ लाख चौरस किलोमीटरचा. म्हणजे जवळपास सहा महाराष्ट्रांना मिळून दोन डॉक्टर. साधं अपेंडिक्स दुखलं तरी माणूस दगावायचा. १९१२ मध्ये चर्चनं फ्लिन यांच्या अहवालावरून ऑस्ट्रेलियन इनलँड मिशन ही संस्था काढली आणि तिची सूत्रं त्यांच्याकडेच दिली. ती शेवटपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. त्यांनी ठिकठिकाणी नर्स असलेली छोटी रुग्णालयं उभी केली. या सगळ्या प्रदेशावर सुरक्षेचं एक पांघरूण घालायचं, असं त्यांचं स्वप्न होतं. पण पांघरूण केवढं आणि हातातलं कापड केवढं!

१९१७ मध्ये एक घटना घडली. हॉल्स क्रीकजवळचा जिमी डार्सी नावाचा तरुण गुराखी घोड्यावरून पडला आणि त्याला पोटात गंभीर दुखापत झाली. गावात डॉक्टर नाही. पोस्टमास्तर टकेट यांनी जवळपास दोन हजार किलोमीटर दूर असलेल्या पर्थच्या डॉक्टर हॉलंड यांच्याशी तारायंत्रावर संपर्क साधला, आणि तारेवरून येणाऱ्या सूचना वाचत वाचत साध्या चाकूनं ऑपरेशन केलं. विश्वास बसणार नाही, पण खरं आहे. डॉक्टर स्वतः बोटीनं, मग मोटारीनं, कसेबसे हॉल्स क्रीकला पोचले. डार्सी आदल्याच दिवशी गेला होता.

याच वर्षी फ्लिन यांना एक पत्र आलं. लिहिणारा क्लिफर्ड पील हा तेवीस वर्षांचा तरुण, मेडिकलचा विद्यार्थी, पण आता सैन्यात पायलट म्हणून महायुद्धावर निघालेला. हे डॉक्टरचं काम विमानानं करता येईल, असं त्यानं सुचवलं होतं. नुसतं सुचवलं असतं तर ते पत्र कुठंतरी फाईलमध्ये पडून राहिलं असतं. पण पीलनं सोबत विमानाचा वेग, पल्ला, तळ कुठं असावेत आणि खर्च किती येईल याचा अंदाजही मांडला होता. आपल्या भाषेत सांगायचं तर तो एक व्यवस्थित प्रोजेक्ट रिपोर्टच होता! फ्लिन यांनी ते पत्र १९१८ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या इनलँडर या मासिकात छापलं. पील ते पाहू शकला नाही. सप्टेंबरमध्येच फ्रान्समध्ये एका मोहिमेवर गेलेलं त्याचं विमान परत आलं नव्हतं.

आता कोणालाही वाटेल की फ्लिन यांनी लगेच देणग्या गोळा केल्या असतील आणि एक विमान विकत घेतलं असेल. इथंच त्यांचं खरं शहाणपण दिसतं. त्यांनी विमान विकत घेतलंच नाही.

का, ते समजायला थोडं गणित करावं लागेल (घाबरू नका, फक्त गुणाकार-भागाकार आहे). विमानाचा खर्च दोन प्रकारचा असतो. एक, उडलं तरच होणारा: पेट्रोल, तेल, टायर, इंजिनाची झीज. दुसरा, उडो वा न उडो, होणारच: विमानाची किंमत आणि तिचा घसारा, विमा, हँगर, पायलटचा आणि मेकॅनिकचा पगार. मुंबई-दिल्लीसारख्या मार्गावर विमान दिवसभर उडतं, म्हणून हा दुसरा खर्च हजारो मैलांवर वाटला जातो. पण डॉक्टरचं विमान कधी उडणार? कोणीतरी आजारी पडलं की. आजारपणाला टाइमटेबल नसतं. म्हणजे विमान बहुतेक वेळ उभं आणि खर्चाचं मीटर चालू. छोट्या, दुर्गम भागातल्या विमानसेवा बुडतात त्या बहुधा इथेच.

फ्लिन यांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे क्वांटास. आज जगभर उडणारी ही कंपनी तेव्हा क्वीन्सलँडमधली एक लहानशी सेवा होती. ती १९२० मध्ये स्थापन झाली आणि नोव्हेंबर १९२२ पासून शार्लव्हिल ते क्लोंकरी या मार्गावर टपाल नेऊ लागली. तिचे एक संस्थापक हडसन फिश यांच्याशी फ्लिन यांनी अनेक वर्षं चर्चा केली. शेवटी ठरलं ते असं. विमान, पायलट आणि देखभाल क्वांटासची. डॉक्टर आणि औषधं मिशनची. आणि भाडं, उडलेल्या मैलाला दोन शिलिंग. क्वांटासचा पसारा टपाल आणि प्रवाशांसाठी तिथं होताच, त्यामुळे तो दुसरा, न टळणारा खर्च एकट्या मिशनच्या गळ्यात पडला नाही. तळ म्हणून क्लोंकरी निवडलं, तेही याच विचारानं. तिथं रेल्वे होती, तार होती, हॉस्पिटल होतं आणि क्वांटासचं विमान येतच होतं. जे आहे ते पुन्हा उभारायचं नाही! आपल्याकडे म्हणतात ना, अंथरूण पाहून पाय पसरावे.

पैशांची सोय झाली ती सनशाइन हार्वेस्टर हे कापणी यंत्र बनवणारे उद्योगपती ह्यू मॅके यांच्यामुळे. ते १९२६ मध्ये वारले. चर्चनंही आपली भर घालावी या अटीवर त्यांनी मृत्युपत्रात २,००० पौंड ठेवले होते. सेवा एक वर्ष प्रयोग म्हणून चालवायची ठरली.

विमानही विचार करून निवडलेलं होतं. डी हॅविलँड कंपनीचं डी.एच. ५०. लाकूड आणि कापडाचं, दोन मजली पंखांचं, एका इंजिनाचं. आत चार माणसांची बंद केबिन, म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण वाऱ्यापासून सुरक्षित. पायलट मात्र मागे उघड्यावर, ऊन-पावसात! वेग ताशी साधारण ८० मैल. याहून मोठी विमानं तेव्हाही होती. क्वांटासनं आधी व्हिकर्स व्हल्कन नावाचं मोठं विमान मागवलं होतं, पण क्वीन्सलँडच्या उन्हाळ्यात त्याला धड उंचीही गाठता येईना. गरम हवा विरळ असते, त्यामुळे पंखांना उचल कमी आणि इंजिनाला ताकद कमी मिळते. कागदावरचे आकडे थंड इंग्लंडचे होते, उडायचं होतं ऑस्ट्रेलियाच्या भट्टीत. क्वांटासनं ते विमान परत केलं. उलट डी.एच. ५० क्वांटास १९२६ पासून लाँगरीचच्या स्वतःच्या वर्कशॉपमध्ये बनवू लागली होती. म्हणजे सुटे भाग घरचे आणि ते विमान ज्यांनी बांधलं ते हातही घरचे. दुर्गम भागात विमान निवडताना ते किती जोरात उडतं यापेक्षा ते बिघडल्यावर कोण दुरुस्त करणार, हा प्रश्न मोठा असतो. याच कंपनीचं पस मॉथ हे एका इंजिनाचं छोटं विमान घेऊन १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा हा काळ आपल्यालाही अगदीच परका नाही.

१७ मे १९२८. क्लोंकरीहून विमान उडालं. त्याचं नाव व्हिक्टरी. पायलट आर्थर ॲफ्लेक, डॉक्टर केनियन सेंट व्हिन्सेंट वेल्च. मुक्काम १३७ किलोमीटरवरचं ज्युलिया क्रीक. विमानात रेडिओ नाही, नकाशे असून नसल्यासारखे, फक्त एक होकायंत्र. खाली दिसणारी नदी, कुंपण, तारांचे खांब, बैलगाडी-मोटारींच्या चाकोऱ्या बघत बघत जायचं. सुरुवातीला वाटेत पेट्रोलचे साठे नव्हते, त्यामुळे परतीचं पेट्रोलही सोबतच न्यावं लागे. जितकं पेट्रोल जास्त तितकं इतर वजन कमी!

पहिल्या वर्षात ५० उड्डाणं झाली, सुमारे २०,००० मैल अंतर कापलं गेलं आणि २२५ रुग्णांवर उपचार झाले. आता मी केलेला ढोबळ हिशोब बघा. २०,००० मैल गुणिले २ शिलिंग म्हणजे ४०,००० शिलिंग. २० शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे बरोबर २,००० पौंड. मॅके यांच्या देणगीइतकेच! एका रुग्णामागे विमानखर्च ९ पौंडांपेक्षा थोडा कमी. ताशी ८० मैल धरले तर विमान वर्षभरात उडलं फक्त २५० तास. वर्षात ८,७६० तास असतात. म्हणजे स्वतःचं विमान घेतलं असतं तर साडेआठ हजार तास ते नुसतं उभं ठेवायला पैसे मोजावे लागले असते. प्रयोगाचं ते वर्ष बहुधा पुरंही झालं नसतं.

पण एक अडचण उरलीच होती. विमान तयार आहे, डॉक्टर तयार आहे, पण मळ्यावरच्या माणसानं त्यांना बोलवायचं कसं? तिथं ना तार, ना वीज. फ्लिन यांनी ॲडलेडच्या आल्फ्रेड ट्रेगर या तरुण इंजिनिअरला गाठलं. आधी बॅटऱ्यांवर प्रयोग झाले, पण त्या अवजड आणि महाग. मग ट्रेगरनं सायकलसारखी पेडल्स जोडलेला छोटा जनरेटर बनवला. पायानं पेडल मारायचं आणि साधारण २० वॅट वीज तयार करून वायरलेस चालवायचा. १९२९ मध्ये हे पेडल रेडिओ मळ्यांवर बसू लागले.

मला वाटतं, खर्चाच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी बचत याच पेडलनं केली असणार. कारण आता डॉक्टर आधी चौकशी करू शकत होते. पाय मुरगळलाय की मोडलाय? ताप किती दिवस आहे? खरी गरज असेल तरच विमान काढायचं, नाहीतर रेडिओवरच उपाय सांगायचा. पुढे १९४२ पासून मळ्यांवर औषधांच्या सारख्याच पेट्या ठेवल्या गेल्या, त्यात प्रत्येक औषधाला नंबर. डॉक्टरनं नुसता नंबर सांगायचा. न उडलेल्या मैलाला शिलिंगही पडत नाही!

एवढं सगळं जमलं आणि जागतिक मंदी आली. एकट्या चर्चला हा भार पेलेना. फ्लिन यांच्या जागी दुसरा कोणी असता तर माझी संस्था, माझं नाव म्हणून धरून बसला असता. त्यांनी उलट ही सेवा साऱ्या देशाची व्हावी म्हणून प्रयत्न केले, आणि १९३४ पासून ती ऑस्ट्रेलियन एरियल मेडिकल सर्व्हिस या नावानं राष्ट्रीय पातळीवर चालू लागली. हीच आजची रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस.

फ्लिन यांचं सगळंच कौतुकास्पद होतं असं मात्र नाही. त्यांच्या मिशननं गोऱ्या वसाहतवाल्यांचा जितका विचार केला तितका त्या भूमीच्या मूळ आदिवासींचा केला नाही, ही टीका त्यांच्या हयातीतच झाली आणि ती योग्यच वाटते. ५ मे १९५१ रोजी सिडनीत त्यांचं निधन झालं. ॲलिस स्प्रिंग्जजवळ त्यांच्या समाधीवर एक प्रचंड शिळा आणून ठेवली गेली. ती आदिवासींच्या पवित्र जागेवरून, त्यांना न विचारता उचललेली होती. अखेर १९९९ मध्ये ती सन्मानानं परत केली गेली आणि तिच्या जागी अरेर्न्टे आदिवासींनी आपल्या भूमीतली दुसरी शिळा दिली. ज्यांना पांघरुणाबाहेर ठेवलं, त्यांनीच समाधीला दगड दिला. हे वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो.

आज या सेवेत एका इंजिनाचं पिलाटस पीसी-१२ ही उडतं आणि दोन इंजिनांचं किंग एअरही. एक इंजिन स्वस्त, दोन इंजिनांचा धीर जास्त. कच्च्या धावपट्टीवर कोणतं बरं, मैलाला कितीला पडेल, हे प्रश्न अजूनही तेच आहेत.

दरवर्षी आपण मोठमोठी नावं देऊन प्रोजेक्ट सबमिट करतो. व्हायवा झाला की तो कपाटात जातो. पीलचं पत्र कपाटात गेलं नाही, कारण त्यात स्वप्नासोबत हिशोबही होता, आणि ते वाचणाऱ्या माणसाकडे दहा वर्षं थांबायची तयारी होती. पुढच्या वर्षी माझ्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये खर्चाचं पान मी सगळ्यात शेवटी नाही, सगळ्यात आधी लिहिणार आहे!