सीमानाक्यांविरुद्ध एक आयुष्य

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि राज्यांच्या सीमांवरील नाके ओस पडू लागले, तेव्हा मला फ्रीडरिश लिस्ट या जर्मन अर्थशास्त्रज्ञांची आठवण झाली. नोकरीच्या आरंभी अशाच एका नाक्यावर रात्रभर खोळंबलेल्या मालमोटारींची रांग मी पाहिली होती. त्या रांगेत नासणाऱ्या भाजीपाल्याची किंमत कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नसे.

लिस्ट यांचा जन्म १७८९ मध्ये रॉयटलिंगेन येथे, कातडी कमावणाऱ्या कारागिराच्या घरी झाला. वडिलांच्या धंद्यात मन रमेना म्हणून ते व्यूर्टेमबर्ग राज्यात सरकारी कारकून झाले आणि १८१७ मध्ये ट्यूबिंगेन विद्यापीठात प्रशासनाचे प्राध्यापक. त्या काळी जर्मनी हा तीन डझनांहून अधिक राज्यांचा सैल संघ होता. बर्लिनहून स्वित्झर्लंडला माल न्यायचा तर दहा राज्ये ओलांडावी लागत. दहा निराळे कायदे, दहा वेळा जकात. दुसरीकडे, नेपोलियनचा पाडाव होताच इंग्लंडचे स्वस्त कापड बाजारात ओसंडू लागले होते. १८१९ मध्ये फ्रँकफर्ट येथे लिस्ट यांनी व्यापारी व कारखानदारांची संघटना उभारली आणि अंतर्गत जकाती रद्द करून बाह्य सीमेवर एकच शुल्क ठेवावे, असा अर्ज संघसभेपुढे मांडला. संघसभेने तो बाजूला सारला.

पुढची कहाणी शासकीय सेवेतील कोणालाही परिचित वाटेल. विधिमंडळावर निवडून आलेल्या लिस्ट यांनी नोकरशाहीच्या अनागोंदीवर कठोर टीका केली. त्यांचे सदस्यत्व गेले आणि दहा महिन्यांची शिक्षा झाली. काही काळ परदेशी भटकून परतल्यावर त्यांना होहेनास्पेर्गच्या किल्ल्यात डांबण्यात आले. देश सोडण्याच्या अटीवर सुटका झाली आणि १८२५ मध्ये ते अमेरिकेत पोहोचले. पेनसिल्व्हेनियात त्यांनी शेती केली, जर्मन वृत्तपत्र चालवले, कोळशाच्या खाणीत आणि तो कोळसा वाहणाऱ्या लोहमार्गात भाग घेतला. नवे उद्योग संरक्षक शुल्काच्या आडोशाने कसे वाढतात, हे त्यांनी तेथे प्रत्यक्ष पाहिले.

१ जानेवारी १८३४ रोजी प्रशियाच्या पुढाकाराने जर्मन जकातसंघ अस्तित्वात आला. घडविणारे हात प्रशियन अर्थखात्याचे होते. लिस्ट यांना त्यात स्थान नव्हते. शुल्काचे उत्पन्न लोकसंख्येच्या प्रमाणात वाटले जाई आणि महत्त्वाच्या निर्णयास प्रत्येक सभासद राज्याची संमती लागे. आपल्या जीएसटी परिषदेतील खडाजंगी पाहणाऱ्यांना यातली कसरत समजावून सांगण्याची गरज नाही. लाइपझिगमध्ये अमेरिकेचे वाणिज्यदूत म्हणून राहताना लिस्ट यांनी लोहमार्गाचा प्रचार केला, कारण नाके हटले तरी रस्ते वाईट असतील तर बाजार एक होत नाही. लाइपझिग-ड्रेस्डेन मार्ग १८३९ मध्ये पूर्ण झाला. कंपनीत त्यांना कायमचे पद मात्र मिळाले नाही.

१८४१ मधील राष्ट्रीय अर्थव्यवस्थेवरील ग्रंथात त्यांचा खरा मुद्दा आहे. बाजार मोठा केल्याने आतला कारखानदार आपोआप सक्षम होत नाही. शिक्षण, कौशल्य, वाहतूक, न्यायव्यवस्था यांतून राष्ट्राची उत्पादनशक्ती घडते. ती घडेपर्यंत उद्योगाला तात्पुरते संरक्षण हवे, शेतमालाला नको. ‘तात्पुरते’ हा शब्द त्यांचे नाव घेणारे पुढे सोयीस्करपणे विसरले, आपणही. संरक्षण कधी काढावे हे ठरविणारी यंत्रणा लिस्ट यांनीही नीट सांगितली नाही, हा त्यांचा मोठा उणेपणा मला वाटतो. १८४४ मध्ये जकातसंघाने कच्च्या लोखंडावर शुल्क बसविले खरे, पण तोवर लिस्ट आजारपण आणि आर्थिक विवंचनेने खचले होते. ३० नोव्हेंबर १८४६ रोजी टायरॉलमधील कुफस्टाइन येथे त्यांनी स्वतःचे जीवन संपविले.

उष्ण कटिबंधातील देशांनी कच्चा माल पुरवावा आणि कारखाने युरोपने चालवावेत, असेही याच लिस्ट यांचे मत होते. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती रानडे भारतीय अर्थशास्त्रावर बोलले, तेव्हा त्यांनी लिस्ट यांची पद्धती स्वीकारली आणि हिंदुस्थानला कच्च्या मालाच्या कोठाराची जागा नेमून देणारी ही विभागणी तेवढी नाकारली.