गणेश दैवज्ञ

रायगड जिल्ह्याच्या समुद्रकिनाऱ्यावर, मुरूडच्या उत्तरेस, नांदगाव नावाचे एक गाव आहे. माडापोफळींच्या छायेतील या गावी सुमारे पाचशे वर्षांपूर्वी केशव नावाचे एक थोर ज्योतिषी राहत असत. त्या काळी घरोघरी घड्याळे नव्हती. पाण्यावर ठेवलेले सच्छिद्र घटिकापात्र बुडाले, म्हणजे एक घटका सरली असे समजत. सण आणि व्रते तिथीवरून ठरत. कोळी बांधव समुद्राचे उधाण तिथीवरूनच ओळखीत. पंचांगात तिथी चुकली, तर सण भलत्याच दिवशी येई.

केशवांनी जुन्या ग्रंथांवरून गणित केले व रात्री आकाश न्याहाळले, तेव्हा दोहोंचा मेळ बसेना. ग्रंथ प्राचीन आणि पूज्य होते. परंतु आकाश खोटे कसे म्हणावे? केशवांनी आकाशाचीच साक्ष मानली. ग्रहांचे वेध घेऊन त्यांनी शके १४१८ मध्ये ‘ग्रहकौतुक’ हा ग्रंथ रचला. पुढेही गणितात अंतर पडेल, तेव्हा त्या काळच्या गणकांनी नवे वेध घेऊन ते सुधारावे, असेही त्यांनी सांगून ठेवले.

इ. स. १५०७ मध्ये केशव व लक्ष्मी या दांपत्याच्या पोटी गणेशांचा जन्म झाला. पित्याची विद्या आणि पित्याची सत्यनिष्ठा या दोन्ही गोष्टी त्यांनी उचलल्या. त्यांच्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथातील गणिताचा आरंभ शके १४४२ म्हणजे इ. स. १५२० पासून धरला आहे. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेरा वर्षांचे होते!

लाघव म्हणजे सोपेपणा. कलियुगाच्या आरंभापासून दिवस मोजावयाचे, तर ते सुमारे सतरा लाख भरत. गणेशांनी काळाची अकरा अकरा वर्षांची चक्रे कल्पिली. त्यामुळे ४०१६ हून अधिक दिवस मोजण्याचे कारणच उरले नाही. ज्या आणि चाप यांचे किचकट गणितही त्यांनी अजिबात टाळले. मात्र सोपेपणासाठी खरेपणा सोडला नाही. शनीच्या जुन्या गणितात त्यांनी पाच अंश मिळवले, तर चंद्राच्या गणितातून नऊ कला वजा केल्या.

चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला, म्हणजे एक तिथी पुरी होते. चंद्राची गती कमीअधिक होत असल्याने सर्व तिथी सारख्या लांबीच्या नसतात. त्या थोड्या श्रमात काढता याव्यात म्हणून गणेशांनी इ. स. १५२५ मध्ये ‘तिथिचिंतामणी’ ही कोष्टके तयार केली. पुढे १५४५ मध्ये भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर त्यांनी ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली.

महाराष्ट्रातील पंचांगे कित्येक पिढ्या ग्रहलाघवावरून होत असत. परंतु केशवांनी सांगितल्याप्रमाणे त्यातही कालांतराने अंतर पडले. तेव्हा याच किनाऱ्यावरील नागावी जन्मलेले केरूनाना छत्रे पुढे आले. युरोपातील नव्या वेधांच्या आधारे त्यांनी इ. स. १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली. काळ कोणासाठी थांबत नाही; त्याची मोजणी करणाऱ्यालाही थांबून चालत नाही.