सिरिंजवर मापाच्या रेघा आणणारा डॉक्टर, ज्याच्या बायकोबद्दल आजही एक खोटी गोष्ट सांगितली जाते

इंजेक्शन म्हणलं की आपण सगळे सुईकडं बघतो. पण औषध भरणारी नर्स बघत असते नळीवरच्या रेघांकडं. सिरिंज डोळ्यांसमोर धरायची, हवेचा बुडबुडा काढायचा आणि दट्ट्या बरोबर रेघेवर आणायचा. औषध कमी गेलं तर गुण येत नाही, जास्त गेलं तर जीवावर बेतू शकतं.

या रेघा सिरिंजवर आल्या कशा, हे शोधायला गेलं की एक नाव हमखास पुढं येतं, ते म्हणजे डॉ. अलेक्झांडर वुड.

वुड यांचा जन्म १० डिसेंबर १८१७ चा, स्कॉटलंडमधल्या फाइफ भागातल्या कूपर गावातला. वडीलही डॉक्टरच. शिक्षण एडिंबरात झालं आणि १८३९ मध्ये तिथल्याच विद्यापीठातून ते एमडी झाले. पुढं त्यांनी धर्मादाय दवाखान्यांत काम केलं. १८४२ मध्ये रिबेका मॅसी यांच्याशी त्यांचं लग्न झालं. गडी वादाला न घाबरणारा होता. होमिओपॅथीच्या विरोधात त्यांनी १८४४ मध्ये पुस्तकच लिहिलं.

तेव्हा नेमकी अडचण काय होती?

वुड यांच्याकडं नसांच्या दुखण्याचे पेशंट यायचे. असह्य कळा येणारा हा आजार. अफूपासून काढलेलं मॉर्फिन त्यावर चालायचं, पण ते द्यायचं कसं हा प्रश्न होता. तोंडानं दिलं तर असर व्हायला वेळ लागायचा आणि पोटही बिघडायचं.

दुसरी पद्धत म्हणजे कातडीवर मुद्दाम फोड आणायचा, तो सोलायचा आणि उघड्या जखमेवर मॉर्फिनची पूड टाकायची. कुणी मॉर्फिनमध्ये बुडवलेल्या धारदार पात्यानं कातडी टोचायचं. यात पेशंटला त्रास तर व्हायचाच, पण खरी गोची वेगळीच होती. टाकलेल्या औषधातलं अंगात किती गेलं, हे कुणालाच सांगता यायचं नाही.

आपल्याकडं बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली ते १८५३ साल. त्याच वर्षी युरोपात दोन वेगवेगळ्या माणसांनी या कोड्याची दोन उत्तरं दिली.

फ्रान्सच्या लियाँ शहरातल्या शार्ल प्रावाझ या डॉक्टरनं चांदीची छोटी सिरिंज वापरली. चांदीच्या आरपार काही दिसत नाही, म्हणून तिचा दट्ट्या स्क्रूवर फिरायचा. किती वेढे दिले ते मोजलं की किती औषध गेलं ते कळायचं. पण प्रावाझ यांना प्राण्यांच्या रक्तवाहिनीत रक्त गोठवायचं औषध सोडून बघायचं होतं. वेदना हा त्यांचा विषयच नव्हता आणि त्याच वर्षी ते वारलेही.

वुड यांच्या हातात आली ती लंडनच्या फर्ग्युसन नावाच्या कारागिराची काचेची सिरिंज. ती बनवली होती जन्मजात लाल डागांमध्ये लोहाचं द्रावण सोडायला. वुड यांच्या डोक्यात आलं, याच नळीतून मॉर्फिन थेट दुखऱ्या जागी सोडलं तर?

वीस थेंब आणि एक लांबलेली झोप

नोव्हेंबर १८५३ मध्ये त्यांनी हा प्रयोग एका वयस्क बाईवर केला. मान, खांदा आणि हाताच्या कळांनी तिला झोप लागत नव्हती. रात्री १० च्या सुमारास वुड यांनी खांद्याच्या दुखऱ्या जागी मॉर्फिनच्या द्रावणाचे २० थेंब सोडले. दहाएक मिनिटांत तिला गरगरायला लागलं, अर्ध्या तासात कळा ओसरल्या. वुड समाधानानं घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता येऊन बघतात तर बाई अजून उठलेलीच नाही. श्वास जड झालेला, जागं करायलाही बराच खटाटोप करावा लागला. सुदैवानं ती बचावली आणि दुखणंही गेलं.

पण एक गोष्ट उघड झाली होती. तोंडानं देताना जे अंदाजानं खपून जायचं, ते सुईनं देताना खपणार नव्हतं. औषध एकदा कातडीखाली गेलं की परत काढता येत नाही. आणि थेंब म्हणजे काही पक्कं माप नव्हे, तो लहानमोठा पडतो. वुड यांनी पुढं सुई आणखी बारीक केली आणि काचेच्या नळीवर मापाच्या खुणा आणल्या. आत किती औषध आहे आणि किती गेलं, हे आता डोळ्यांना दिसू लागलं. १८५५ मध्ये त्यांनी ही पद्धत छापून जाहीर केली.

माप बरोबर, समज चुकीचा

वुड यांना वाटायचं, औषध टोचलेल्या जागीच काम करतं. लंडनच्या चार्ल्स हंटर या डॉक्टरनं दुखऱ्या जागेपासून लांब सुई टोचून बघितली, तरी आराम पडला. म्हणजे औषध रक्तातून सगळ्या अंगात फिरत होतं. दोघांचा जाहीर वाद झाला. १८६७ मध्ये लंडनच्या डॉक्टरांच्या एका समितीनं हंटर यांच्या बाजूनं कौल दिला.

दुसरी चूक एकट्या वुड यांची नव्हती. सुईनं दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागत नाही, असा समज तेव्हा पसरला होता. १८७० मध्ये क्लिफर्ड ऑलबट या डॉक्टरनं धोक्याची घंटा वाजवली, तोवर अनेकांना सवय लागून गेली होती. डोस अचूक मोजला, म्हणून तो रोज घेणं सुरक्षित ठरत नाही.

यातूनच ती अफवा जन्मली. वुड यांच्या बायकोला मॉर्फिनच्या सुईचं व्यसन लागलं आणि जास्त डोसनं ती गेली, असं आजही सांगितलं जातं. प्रत्यक्षात वुड २६ फेब्रुवारी १८८४ ला वारले आणि रिबेका त्यांच्यानंतर १० वर्षं जगल्या. तोवर वुड यांनी एडिंबरातल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचं अध्यक्षपदही भूषवलं होतं.

त्या रेघा आज आपल्या घरात आहेत

इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरी वुड यांचा प्रश्न रोज उभा राहतो. भारतात इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली आणि १०० युनिट असलेली. सिरिंजही दोन प्रकारच्या, सहसा ४० वाल्या सिरिंजचं टोपण लाल आणि १०० वालीचं केशरी. समजा १०० वाल्या बाटलीतलं औषध ४० वाल्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात जातात २५ युनिट. म्हणजे अडीच पट, आणि साखर धोकादायक खाली येऊ शकते.

नजर कमी झालेल्यांसाठी सिरिंजवर बसणारं भिंग मिळतं, दट्ट्या ठरलेल्या मापावर अडवणारी साधनंही आहेत. पण ती लावण्याआधीचं काम फुकटचं आहे. बाटलीवरचा ४० किंवा १०० हा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, हे दरवेळी वाचून बघायचं.