कलामहर्षी बाबूराव पेंटर

कल्याणच्या खजिन्याची कथा ठाणे जिल्ह्यातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. १६५७ साली शिवछत्रपतींनी कल्याण-भिवंडी स्वराज्यात आणली. त्या इतिहासाभोवती गुंफलेला 'कल्याण खजिना' हा मूकपट १९२४ साली पडद्यावर आला, तो करवीरनगरीतील एका चित्रकारामुळे. त्याचे भित्तिपत्रक हे आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रपटांच्या भित्तिपत्रकांत सर्वांत जुने मानले जाते. त्या चित्रकाराचे नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. महाराष्ट्र त्यांना बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो.

३ जून १८९० रोजी कोल्हापुरात त्यांचा जन्म झाला. घराणे कारागिरांचे. सुतारकाम, लोहारकाम, रंगकाम ही विद्या वडिलांकडूनच लाभली. कलाशाळेची पायरी मात्र ते कधी चढले नाहीत. चुलतबंधू आनंदराव यांच्यासह त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. केशवराव भोसले यांच्या 'ललितकलादर्श'साठी रंगविलेल्या पडद्यांनी या बंधूंचे नाव सर्वदूर झाले.

पुढे दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ने दोघांना वेड लावले. परदेशी कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हा तो आपणच घडवावा असे त्यांनी ठरविले. काम अर्ध्यावर असतानाच १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले. हा आघात पचवून बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ साली कॅमेरा पूर्ण केला. त्यामागील जिद्द त्यांच्या कोणत्याही चित्रपटापेक्षा उणी नव्हती. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल पुरविले, राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय लाभला आणि 'महाराष्ट्र फिल्म कंपनी' उभी राहिली.

'सैरंध्री' (१९२०) मध्ये स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. त्यातील कीचकवध इतका हुबेहूब उतरला की तो सरकारी कात्रीतून सुटला नाही. 'सिंहगड'साठी (१९२३) कृत्रिम प्रकाशात चित्रण झाले. 'सावकारी पाश' (१९२५) मध्ये तर पौराणिक वैभव बाजूस ठेवून त्यांनी कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आणला. चित्रणापूर्वी पात्रे, वेशभूषा, दृश्ये ते स्वहस्ते रेखाटीत. पडद्यावरही ते चित्रच काढीत होते म्हणा ना!

कंपनी म्हणजे जणू गुरुकुलच होते. दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम येथेच घडले. बाबा गजबर, गणपतराव वडणगेकर यांच्यासारख्या चित्रकारांना त्यांचे मार्गदर्शन मिळाले. मात्र हिशेबाच्या वहीत बाबूरावांचे मन कधी रमले नाही, हे मान्य करावे लागते. मनाजोगे दृश्य साधेपर्यंत वेळ आणि पैसा यांची गणती नसे. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी बाहेर पडून 'प्रभात' स्थापन केली. गुरूंची कंपनी थोड्याच काळात बंद पडली. शिष्यांची मात्र देशभर गाजली. तरीही गुरुशिष्यांतील धागा तुटला नाही. 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) या चित्रपटावर दिग्दर्शक म्हणून शांतारामांसमवेत बाबूरावांचेही नाव आहे.

बोलपट त्यांनी मोजकेच केले. उत्तरायुष्यात कुंचला आणि माती हेच त्यांचे सोबती होते. कोल्हापूरच्या शिवाजी चौकातील शिवछत्रपतींचा अर्धपुतळा त्यांनीच घडविला. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांनी देह ठेवला.