धातुसंयुगांच्या रचनेचे कोडे उलगडणारे आल्फ्रेड वेर्नर



मोरचुदाच्या द्रावणात पुरेसा अमोनिया घातला की गर्द निळा रंग उठतो. हा प्रयोग आम्ही वर्गात वर्षानुवर्षे दाखवीत आलो. तो रंग धातूच्या जटिल संयुगाचा होय. अशा संयुगांची रचना ज्यांनी उलगडली, त्या आल्फ्रेड वेर्नर यांचे अल्प चरित्र येथे सादर करीत आहोत.

वेर्नर यांचा जन्म १२ डिसेंबर १८६६ रोजी आल्सास प्रांतातील म्युलूझ येथे एका कामगाराच्या घरी झाला. झुरिच येथे त्यांनी उच्च शिक्षण घेतले. १८९३ साली, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी नवा सिद्धांत मांडला. कोबाल्टसारख्या धातूच्या अणूभोवती सहा घटक बसतात. चार बाजूंस चार, एक वर व एक खाली, असे त्यांचे प्रतिपादन होते.

कोपनहेगनचे ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञ योर्गेन्सेन यांना हे मान्य नव्हते. अमोनियाचे रेणू साखळीप्रमाणे एकमेकांस जोडलेले असतात, असे त्यांचे मत. वेर्नर यांचे म्हणणे खरे असेल, तर चार अमोनिया व दोन क्लोरिन असलेल्या कोबाल्टसंयुगाचे दोन प्रकार हवेत : एकात दोन्ही क्लोरिन समोरासमोर, दुसऱ्यात शेजारीशेजारी. हिरवा प्रकार ठाऊक होता. दुसरा काही केल्या मिळेना. विरोधकांनी नेमके याच उणिवेवर बोट ठेवले. अखेर चौदा वर्षांनी, १९०७ साली, वेर्नर यांना जांभळा प्रकार गवसला. योर्गेन्सेन यांनीही मोठ्या मनाने आपला पराभव मान्य केला. १९१३ साली वेर्नर यांस नोबेल पारितोषिक लाभले. १५ नोव्हेंबर १९१९ रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

घटक तेच, मांडणी निराळी, म्हणून रंग निराळा! जे वेर्नर यांनी रंगावरून ओळखले, ते आता वर्णपट सांगतो. मॉलिब्डेनमच्या अणूभोवती कार्बन मोनॉक्साइडचे सहा रेणू असलेले एक संयुग आहे. त्यांतील दोन रेणू काढून तेथे दुसरे बसविले, तर ते शेजारी बसले की समोरासमोर, हे अवरक्त वर्णपटातील पट्ट्यांच्या संख्येवरून कळते. शेजारी असता साधारणतः चार पट्टे दिसतात, समोरासमोर असता एकच ठळक.

आमच्या तरुण विद्यार्थ्यांनी या चरित्रातून दोन गोष्टी घ्याव्यात. पुरावा हाती येईपर्यंत वेर्नर यांच्याप्रमाणे धीर धरावा. आणि पुरावा समोर येताच, योर्गेन्सेन यांच्याप्रमाणे, वयाचा व मानाचा अडसर न मानता सत्य स्वीकारावे. यांतील दुसरी गोष्ट अधिक कठीण, हा आमचाही अनुभव आहे.