शेंगदाण्याआधीचे कार्व्हर

सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवायला लागलो, त्याला आता चाळीस वर्षे होत आली. त्या शाळेला बाग होती. म्हणजे, तपासणीच्या आठवड्यात असायची. तपासणीची तारीख कळली की आम्ही शिक्षक रोपवाटिकेतून झेंडू-शेवंतीची रोपे आणायचो, मुलांकडून ती रांगेत लावून घ्यायचो आणि कडेने गेरू-चुन्याने रंगवलेल्या विटा तिरप्या रोवायचो. साहेब शेरा लिहून गेले की पंधरा दिवसांत बाग वाळून जायची. उरलेले वर्षभर त्या जागेचा उपयोग एकच. गृहपाठ न केलेल्या मुलांना तिथे गवत उपटायला पाठवायचे.

एका श्रावणात आठवीतली एक मुलगी घरच्या रानातला भुईमुगाचा वेल मुळासकट उपटून घेऊन आली. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी होत्या. हा रोग आहे का, असे तिने विचारले. मी चष्मा सावरून पाहिले आणि हो, रोगच आहे, असे सांगितले. सूत्रकृमींचा असावा, अशी पुस्तीही जोडली. तिने वेल खिडकीबाहेर टाकला. त्याच आठवड्यात त्याच वर्गाला मी नत्रचक्र शिकवले. शिंबावर्गीय वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत जीवाणू राहतात आणि ते हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात, हे फळ्यावर लिहिले. वाटाण्याच्या मुळाची सुबक आकृती काढली आणि गाठींना बाण दाखवला. तेव्हा ती मुलगी उभी राहिली. मी आणले होते ते हेच का, एवढेच तिने विचारले.

वनस्पतिशास्त्राची पदवी माझ्याजवळ होती. आकृतीतली गाठ मी डोळे मिटून काढू शकत होतो. मातीतली गाठ मला ओळखता आली नव्हती.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर माझ्या आयुष्यात खऱ्या अर्थाने आले ते या फजितीनंतर. तसे त्यांचे नाव मला नवे नव्हते. वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ मध्ये आले आणि मराठी घरांत, शाळांच्या ग्रंथालयांत, बक्षीस समारंभांत पोचले. मीही परिपाठात ती गोष्ट मुलांना सांगत असे. घोड्याच्या बदल्यात परत मिळालेले गुलामाचे पोर, भंगारातून उभी केलेली प्रयोगशाळा, शेंगदाण्याचे तीनशे पदार्थ. मुले टाळ्या वाजवत आणि आपापल्या वर्गात जात. फजितीनंतर मी कार्व्हरांविषयी मिळेल ते पुन्हा वाचू लागलो. तेव्हा शेंगदाण्याच्या आधीचे एक फार लहानसे चित्र मनात घर करून राहिले.

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात डायमंड नावाच्या खेड्याजवळ मोझेस आणि सुझन कार्व्हर या जोडप्याची शेती होती. त्यांच्या मालकीच्या मेरी या गुलाम स्त्रीच्या पोटी १८६४ च्या सुमारास जॉर्जचा जन्म झाला. नेमकी तारीख कुणी लिहून ठेवली नाही. यादवी युद्धाच्या त्या धामधुमीत लुटारूंनी आई आणि तान्हे मूल पळवून नेले. मूल परत मिळाले, आई कधीच मिळाली नाही. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली. जॉर्ज आणि त्याचा थोरला भाऊ जिम यांना कार्व्हर दांपत्यानेच वाढवले. जॉर्ज सतत आजारी, किरकोळ बांध्याचा. शेतातल्या जड कामाला निरुपयोगी म्हणून तो सुझनच्या हाताखाली स्वयंपाक, धुणे, शिवण आणि परसबाग शिकला. मोकळा वेळ मिळाला की रानात जायचा. तिथली रोपे हलक्या हाताने उपटून आणायचा आणि घरापासून थोड्या अंतरावर, झुडपांच्या आड, स्वतःच्या छोट्या बागेत लावायचा. ही बाग त्याने लपवून ठेवली होती. कारण फुलझाडांत वेळ घालवणे हा त्या काळच्या शेतकरी वस्तीत शुद्ध वेडेपणा होता.

त्या लपवलेल्या बागेत त्याला शिकवणारे कुणी नव्हते. कुठले रोप सावलीत तगते, कुठले कोणत्या मातीत मान टाकते, हे तो मारून आणि जगवून शिकला. हळूहळू शेजारपाजारच्या बायका आपली आजारी झाडे त्याच्याकडे आणू लागल्या. वाचता येण्याच्या वयाआधीच तो पंचक्रोशीत झाडांचा डॉक्टर म्हणून ओळखला जाऊ लागला.

गावच्या शाळेत काळ्या मुलांना प्रवेश नव्हता. म्हणून दहा-बारा वर्षांचा जॉर्ज सुमारे तेरा किलोमीटरवरच्या निओशो गावी गेला. तिथे मराया वॉटकिन्स या सुईणीने त्याला घरात घेतले. पुढे कॅन्सासमध्ये गावोगाव भटकणे, लोकांचे कपडे धुऊन, स्वयंपाक करून शिकणे. फोर्ट स्कॉट या गावात एका काळ्या माणसाला जमावाने ठार मारल्याचे त्याने १८७९ मध्ये डोळ्यांनी पाहिले आणि ते गाव सोडले. एका महाविद्यालयाने पत्राने प्रवेश दिला. दारात उभा राहिल्यावर कातडीचा रंग पाहून तो नाकारला. १८९० मध्ये आयोवातल्या सिम्पसन महाविद्यालयात त्यांना चित्रकलेसाठी जागा मिळाली. तिथल्या शिक्षिका एटा बड यांनी त्यांच्या चित्रांतली झाडे पाहिली आणि त्यांना वनस्पतिशास्त्राची वाट दाखवली. एटाबाईंचे वडील एम्सच्या कृषी महाविद्यालयात उद्यानविद्येचे प्राध्यापक होते. १८९१ मध्ये कार्व्हर त्या महाविद्यालयात दाखल झाले. तिथले ते पहिले काळे विद्यार्थी. १८९४ मध्ये पदवी, १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी, आणि मधल्या काळात तिथेच अध्यापन. बुरशींच्या अभ्यासात त्यांचे नाव होऊ लागले होते.

एम्समधली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. दुग्धशास्त्र शिकवणारे हेन्री सी. वॉलेस यांचा सहा-सात वर्षांचा मुलगा कार्व्हरांबरोबर रानात फिरायला जाई. कार्व्हर त्याला गवताच्या जाती दाखवत, फुलाचे भाग सोडवून दाखवत. तो मुलगा म्हणजे हेन्री ए. वॉलेस. त्याने मोठेपणी मक्याच्या संकरावर प्रयोग केले, १९२६ मध्ये संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली, १९३३ मध्ये तो अमेरिकेचा कृषिमंत्री झाला आणि १९४१ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष. १९४० च्या मेक्सिको भेटीनंतर त्याने तिथल्या शेतीसाठी रॉकफेलर प्रतिष्ठानकडे शब्द टाकला. १९४३ मध्ये तो कार्यक्रम सुरू झाला, १९४४ मध्ये त्यात नॉर्मन बोरलॉग रुजू झाले आणि त्यांच्या गव्हाचे १८ हजार टन बियाणे १९६६ मध्ये भारताने मागवले. एका फेरफटक्यातून हरितक्रांती झाली, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण फुलाकडे पाहायला आपल्याला कार्व्हरांनी शिकवले, हे वॉलेस मोठेपणीही सांगत असत. शिक्षकाच्या हातून पडलेले बी कुठवर जाते, ते शिक्षकाला कळत नाही.

१८९६ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून कार्व्हर अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत आले. आयोवाच्या काळ्याभोर मातीनंतर ही जमीन पाहून त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना आपल्याकडच्या माळरानावरून करता येते. वर्षानुवर्षे कापसामागून कापूस घेऊन जमीन निःसत्त्व झालेली, पावसाने घळी पडलेल्या. शेतकरी गुलामगिरीतून सुटलेले, पण खंडाच्या जमिनीवर आणि सावकाराच्या वहीत अडकलेले. कापूस वेचणीच्या हंगामात मुले शाळेऐवजी रानात. संस्थेच्या प्रयोगकेंद्राला राज्याकडून वर्षाला १५०० डॉलर मिळत. प्रयोगशाळेसाठी पैसा नव्हता, तेव्हा कार्व्हरांनी विद्यार्थ्यांना घेऊन उकिरडे धुंडाळले आणि बाटल्या, बरण्या, मोडकी भांडी गोळा केली.

कार्व्हरांचा उपाय साधा होता. रानातला पाला आणि दलदलीतला गाळ कुजवून जमिनीला द्या. कापसाच्या फेरपालटीत चवळी, भुईमूग यांसारखी शेंगांची पिके घ्या, म्हणजे त्यांच्या मुळांवरच्या गाठी नत्राची भर घालतील. पण हे सांगायचे कुणाला? ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, तो शेतकरी एक हंगामही धोका पत्करायला तयार नसतो. म्हणून त्यांनी शेतकऱ्याकडे अनेक वाटांनी जायचे ठरवले. १९०६ मध्ये जेसप नावाच्या दात्याच्या मदतीने घोडागाडीवरची फिरती शेतीशाळा निघाली. दुसरी वाट छापील पुस्तिकांची. १८९८ पासून त्यांनी अशा ४४ पुस्तिका लिहिल्या. त्यांत बहुधा शेतकऱ्यासाठी लागवडीची माहिती असे, शिक्षकासाठी थोडे विज्ञान असे आणि घरातल्या बाईसाठी पाककृती असत. तिसरी वाट होती मुलांची, आणि ती आपण विसरलो आहोत.

टस्कीगीत येऊन एकच वर्ष झाले असताना, १८९७ मध्ये, त्यांनी निसर्ग-अभ्यासावर एक पत्रक काढले. १९०२ मध्ये त्याच विषयावर दुसरे काढले. १९१० मध्ये ग्रामीण शाळांतला निसर्ग-अभ्यास आणि बागकाम यांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. शेंगदाण्याचे १०५ पदार्थ सांगणारी त्यांची प्रसिद्ध पुस्तिका १९१६ ची. म्हणजे शाळेची बाग शेंगदाण्याच्या आधीची. हा विचार एकट्या त्यांचा नव्हता. कॉर्नेल विद्यापीठातले लिबर्टी हाइड बेली आणि त्यांचे सहकारी खेड्यांतल्या शाळांसाठी अशीच पत्रके काढत होते. पण कार्व्हरांच्या समोरची मुले वेगळी होती. शेतीतले काम हे गुलामगिरीचे ओझे म्हणूनच ज्यांच्या आईबापांनी ओळखले होते, अशा घरांतली ही मुले. त्यांच्या हातात पुन्हा खुरपे द्यायचे, पण शिक्षा म्हणून नाही, कुतूहलासाठी द्यायचे. हे सोपे नव्हते.

कार्व्हरांचे व्यवस्थापन गचाळ होते. कोंबड्यांच्या खुराड्याच्या हिशेबावरून वॉशिंग्टन यांच्याशी त्यांचे वर्षानुवर्षे खटके उडाले. आणि ज्या शेंगदाण्यासाठी आपण त्यांना ओळखतो, तिथेही थोडे जपून बोलायला हवे. शेंगदाण्याचे लोणी त्यांनी शोधलेले नाही. त्या तीनशे पदार्थांपैकी पुष्कळ आधीपासून माहीत असलेले, आणि बाजारात टिकलेले फारच थोडे. त्यांच्या नावावर पेटंटे तीनच. १९२१ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्यांनी शेंगदाण्याची बाजू मांडली आणि ते रातोरात प्रसिद्ध झाले. त्या प्रसिद्धीने चमत्कार करणारा कार्व्हर उभा केला. मातीत उकिडवा बसून मुलाला मूळ दाखवणारा कार्व्हर त्याच्या मागे झाकला गेला.

आपल्याशीही त्यांचा एक धागा आहे. दीनबंधू अँड्र्यूज १९२९ मध्ये टस्कीगीला गेले होते. त्यांच्यामार्फत कार्व्हरांनी गांधीजींना आहाराविषयी सूचना पाठवल्या. पुढे १९३७ मध्ये वर्ध्याला नयी तालीमची मांडणी झाली आणि हाताचे काम शिक्षणाच्या मध्यभागी आले. या दोन गोष्टींत कार्यकारणाचा संबंध जोडू नये. पण दोन्हीकडे दुखणे एकच होते. शिकलेला माणूस मातीपासून तुटतो, आणि मातीतला माणूस शाळेला परका राहतो.

कार्व्हर ५ जानेवारी १९४३ रोजी टस्कीगीत वारले. आयुष्यभराची बचत, सुमारे ६० हजार डॉलर, त्यांनी आपल्या नावाच्या संशोधन प्रतिष्ठानाला दिली. त्याच वर्षी डायमंड येथील त्यांचे जन्मस्थान राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाले. ज्या झुडपांआड एका मुलाने आपली बाग लपवली होती, तो परिसर आता राष्ट्राने जपला आहे.

मुलीच्या त्या प्रश्नानंतरच्या जूनमध्ये मी तपासणीची बाग बंद केली. विटा काढल्या. चार वाफे केले. दोनांत नुसती माती, दोनांत शाळेच्या आवारातला कुजवलेला पाला. चारही वाफ्यांत एकाच दिवशी मेथी पेरली आणि दर शनिवारी मुलांनी पट्टीने उंची मोजून वहीत लिहायची, असे ठरवले. शेजारी भुईमूग लावला. पिवळी फुले गळून गेल्यावर त्यांच्या जागेतून आऱ्या निघतात आणि जमिनीत घुसतात, हे शेतकऱ्यांच्या पोरांनाही नव्याने पाहायला मिळाले. काहींनी आऱ्या मातीत जाऊ दिल्या नाहीत, खाली पत्र्याचा तुकडा ठेवला आणि शेंग धरते का ते पाहिले. धरली नाही.

ऑगस्टमध्ये आम्ही वेल उपटले. खरी गाठ मुळाला बाजूने चिकटलेली असते, नखाने सहज सुटते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेले असते, ती सुटत नाही. सुटलेली गाठ पात्याने कापली आणि आत गुलाबी निघाली, तर ती काम करते आहे असे समजावे. हे सांगायला दोन मिनिटे लागतात. पाहायला एक वेल लागतो. ती मुलगी तेव्हा नववीत होती. तिच्या वर्गासमोर मी मागच्या वर्षीचे उत्तर चूक होते, असे सांगितले आणि पाते तिच्या हातात दिले.

त्या वर्षी साहेब तपासणीला आले, तेव्हा बागेत एकही फूल नव्हते. मेथी मुलांनी घरी नेली होती आणि भुईमूग उपटलेला होता. बागेकडे लक्ष द्यावे, असा शेरा शेरेबुकात पडला. तो अजून तिथे असेल.